सांध्यावर सांभाळ: सायकल आणि मेट्रोसाठी आत्याचे कानमंत्र

चि. भाचीबाईस,

कर्वेनगरहून येरवड्याच्या ऑफिसला सायकल आणि मेट्रो अशी जोडी जमेल का, असं तू विचारलंस. जमेल. नोकरीची सगळी वर्षं मी हेच केलं. पेठेतल्या घरापासून शिवाजीनगर स्टेशनापर्यंत सायकल आणि तिथून चिंचवडपर्यंत लोणावळा लोकल. तेव्हा मेट्रो नव्हती आणि गाडी किती लेट आहे हे सांगायला फोनही नव्हता. फळ्यावर खडूने लिहिलेलं खरं मानायचं. पण सायकल अधिक गाडी हे गणित तेव्हाही असंच सुटायचं, आजही तसंच सुटतं.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसव. या जोडीत सायकल सहसा दगा देत नाही आणि गाडीही देत नाही. बेत फसतो तो सांध्यावर, म्हणजे सायकलवरून उतरल्यापासून डब्यात पाय ठेवेपर्यंतच्या दहा मिनिटांत. सायकल लावायला जागा नसते, कुलपाची किल्ली पर्सच्या तळाशी गेलेली असते, तिकिटाला रांग असते, कुर्ता पाठीला चिकटलेला असतो आणि ओल्या रेनकोटचं काय करावं ते कळत नाही. तो सांधा ज्याला साधला, त्याला रोजचा प्रवास साधला. खाली जे सांगते आहे ते बहुतेक त्याबद्दलच आहे.

किलोमीटर नको, मिनिटं मोज

शहरात साध्या सायकलीला सिग्नल धरून तासाला बारा ते पंधरा किलोमीटरचा वेग पडतो. पायी चालणाऱ्याला पाच. म्हणजे अडीच किलोमीटरवरचं स्टेशन चालत अर्ध्या तासावर असतं आणि सायकलने दहा-बारा मिनिटांवर. सायकलची कमाई एवढीच, पण रोजची.

उलट बाजूला मेट्रोचा एक ठरलेला खर्च असतो. सायकल लावणं, जिना, बॅगेची तपासणी, फलाटावरची वाट, असे मिळून दहा मिनिटं जातातच, मग तू दोन स्टेशनं जा की दहा. म्हणून माझा हिशेब असा: घर ते कचेरी पाच किलोमीटरच्या आत असेल तर मेट्रोच्या वाटेला जाऊ नये, सरळ सायकल हाणावी. नळस्टॉपहून डेक्कनला जायला स्टेशनाखाली सायकल लावून वर चढणं हा वेळेचा अपव्यय आहे. सात-आठ किलोमीटरच्या पुढे मात्र जोडी फायद्याची ठरायला लागते. तुझं अंतर दहा-बारा किलोमीटर, मध्ये मुठा, स्टेशनाचा गर्दीचा पट्टा आणि मुळा-मुठेवरचा पूल. एवढं सगळं रोज दोनदा सायकलवर ओढण्यात शहाणपण नाही. वनाज ते रामवाडी मार्गाला येरवडा स्टेशन २०२४ च्या ऑगस्टमध्ये मिळालं. ते तुझ्यासाठीच उघडलं असं समज.

शेवटचा तुकडा मोजायला विसरू नकोस. स्टेशन ते ऑफिस एक किलोमीटरच्या आत असेल तर चाल. त्याहून जास्त असेल तर तिथे काय मिळतं ते आधी बघ: बस, शेअर रिक्षा की काहीच नाही. घराकडची दहा मिनिटं वाचवून कचेरीकडे वीस घालवणारे शहाणे मी पुष्कळ पाहिलेत.

जवळचं स्टेशन सोयीचं असतंच असं नाही

स्टेशन निवडताना चार गोष्टी बघ.

पहिली, दिशा. जायचं पूर्वेला आणि स्टेशनासाठी पश्चिमेला वनाजकडे सायकल मारायची, असं करू नकोस. कामाच्या दिशेने पुढचं स्टेशन धर. तुझ्यासाठी नळस्टॉप नाहीतर गरवारे कॉलेज.

दुसरी, चढ. कोथरूड उंचावर आहे आणि कर्वे रोड नदीकडे उतरत जातो. सकाळी घाईत असताना उतार आणि संध्याकाळी घरी जाताना चढ, हा तुझ्या नशिबाचा भाग चांगला आहे. सकाळी कमी घाम येतो. संध्याकाळी आला तर कोण बघतंय?

तिसरी, रस्त्याची बाजू. सायकल लावायची जागा तुझ्या डाव्या हाताला येते की पलीकडे, हे नीट पाहा. कर्वे रोडसारखा रस्ता सकाळी नऊला सायकल हातात धरून ओलांडायचा म्हणजे पाच मिनिटं आणि रामनाम. नळस्टॉपला दुमजली पूल आहे, खालच्या मजल्यावरून गाड्या आणि वरून मेट्रो. सायकल घेऊन त्या पुलावर चढायचं नाही. खालचा रस्ता आपला.

चौथी आणि सगळ्यात महत्त्वाची, सायकल ठेवायची जागा. मेट्रोच्या बऱ्याच स्टेशनांखाली गाड्या लावायला पुरेशी जागा नाही, हे पुणेकरांचं पहिल्या दिवसापासूनचं रडगाणं आहे आणि ते खरं आहे. म्हणून रविवारी जाऊन बघ. दिवा कुठे आहे, रखवालदार कुठे बसतो, ऊन कुठे पडतं, सायकल अडकवायला लोखंडी खांब किंवा रेलिंग आहे का. जागा चांगली मिळत असेल तर एक स्टेशन पुढे जावं लागलं तरी हरकत नाही.

तीन तऱ्हा, त्यातली एक निवड

सायकल घराकडच्या स्टेशनाशी ठेवायची, कचेरीकडच्या स्टेशनाशी ठेवायची, की घडी घालून बरोबर न्यायची? तीनही चालतात. पण एक ठरव आणि तिलाच धरून राहा.

घराकडच्या स्टेशनाशी ठेवणं सगळ्यात सोपं. रात्री सायकल घरी येते, दिवसा स्टेशनाखाली उभी राहते. यासाठी नवी कोरी गिअरची सायकल मुळीच नको. जुनी, रंग उडालेली पण ब्रेक आणि टायर धड असलेली सायकल घे. रूप जेवढं गरीब, तेवढी तुझी झोप शांत.

कचेरीकडच्या स्टेशनाशी सायकल ठेवणं तेव्हाच, जेव्हा तिकडचा तुकडा लांब असेल. मग ती सायकल रात्रभर आणि शनिवार-रविवार तिथे एकटी राहणार. ऑफिसच्या आवारात रात्री ठेवू देतात का ते आधी विचार. देत असतील तरच या वाटेला जा.

घडीची सायकल दिसायला छान आणि हिशेबाला चोख, पण ती अकरा ते तेरा किलोची असते. दुकानात उचलून बघतेस तेव्हा हलकी वाटते. घेण्याआधी तेवढ्याच वजनाची बॅग घेऊन आपल्या इमारतीचा जिना दोनदा चढ-उतर कर आणि मग ठरव. चाकं सोळा इंची असतील तर घडी लहान होते, पण आपल्या खड्ड्यांत अंग खिळखिळं होतं. वीस इंची चाकं रस्त्याला बरी पडतात, घडी थोडी मोठी होते. लंडनच्या ब्रॉम्प्टनचं नाव सगळे घेतात. तिची नेहमीची सायकल सोळा इंची, घडीला अप्रतिम आणि किमतीला घाम फोडणारी. तुझ्या पहिल्या पगारात तो हट्ट नको.

पुणे मेट्रोने डब्यात सायकल न्यायला परवानगी दिलेली आहे. तरी नेण्याआधी स्टेशनावर एकदा विचारून घे, नियम आणि वेळा बदलत असतात. नेलीस तर लिफ्टने जा, सरकत्या जिन्यावर सायकल चढवू नकोस. गाडी तीन डब्यांची, त्यात एक बायकांचा. ऐन गर्दीच्या वेळी अख्खी सायकल घेऊन त्यात घुसलीस तर लोक तोंडाने काही बोलणार नाहीत, पण डोळ्यांनी बोलतील आणि ते बरोबर असेल. सायकल दारात नको, मधल्या मोकळ्या जागेत उभी कर, ब्रेक हाताने धरून ठेव. चाकाच्या खुर्चीसाठी राखलेल्या जागेत कुणी आलं तर न सांगता हल.

आणि गाडी बदलायची असेल तर सायकल बरोबर घेऊच नकोस. जिल्हा न्यायालय स्टेशनावर दोन्ही मार्ग भेटतात. तुझा मार्ग वर हवेत, स्वारगेट-पिंपरीचा जमिनीखाली तेहतीस मीटर. एवढं अंतर सायकलीसकट उतरण्यापेक्षा ती नळस्टॉपला ठेवलेली बरी.

भाड्याच्या सायकलींच्या भरवशावर तर राहूच नकोस. २०१७ च्या डिसेंबरात औंधला आणि विद्यापीठात फोनने उघडणाऱ्या सायकली आल्या, वर्षभरात गावभर पसरल्या आणि आल्या तशा गेल्या. पुन्हा येतील तेव्हा वापर जरूर. पण नोकरीची वेळ दुसऱ्याच्या योजनेला बांधायची नसते.

कुलूप लावायची रीत

हे नीट वाच, कारण इथेच लोक घाई करतात.

मागच्या चाकाला जे कडीचं कुलूप कारखान्यातून बसवून येतं, ते सायकल चालवत पळवणाऱ्याला थांबवतं. उचलून टेम्पोत टाकणाऱ्याला नाही. म्हणून दुसरं कुलूप हवंच, जाड साखळीचं नाहीतर यू आकाराचं. ते फ्रेमच्या मधल्या त्रिकोणातून घे, मागच्या चाकातून काढ आणि जमिनीत रोवलेल्या खांबाला अडकव. नुसत्या पुढच्या चाकाला कुलूप लावलंस तर संध्याकाळी पुढचं चाक तेवढं शिल्लक मिळेल.

कुलूप जमिनीला टेकू देऊ नकोस. दगडावर ठेवून वरून घाव घालता येतो. किल्लीचं भोक खाली असू दे, म्हणजे पावसाचं पाणी आणि धूळ आत जात नाही. साखळी सैल लोंबती ठेवू नकोस, जितकी ढिलाई तितकी पहार घालायला जागा. चाक आणि सीट हाताने फिरवून निघणाऱ्या दांडीचे असतील तर सायकलवाल्याकडून साधे नट-बोल्ट बसवून घे. दिवा आणि पंप काढून बॅगेत टाकायचे, रोज, आळस न करता.

पायडलच्या धुऱ्याखाली, फ्रेमच्या पोटाशी एक नंबर कोरलेला असतो. सायकल उलटी करून त्याचा फोटो काढ, पावतीचाही काढ. चोरी झालीच तर पोलीस आधी तेच विचारतात. दुसरी किल्ली ऑफिसच्या खणात ठेव, घरात नको. किल्ली हरवते ती नेहमी स्टेशनावर आणि घर तेव्हा लांब असतं. रोजच्या किल्लीची जागा एकच: पर्सचा बाहेरचा कप्पा. तिथे दुसरं काहीही ठेवायचं नाही.

सायकलस्टँड मिळाला तर त्यासारखं सुख नाही. आमच्या वेळी स्टँडवाला पत्र्याचे दोन बिल्ले काढायचा. एकाच नंबरचे. एक हँडलला अडकवायचा, दुसरा आपल्या हातात द्यायचा. मी त्याला परतीची गाडी सांगून ठेवत असे. मग तो माझी सायकल रांगेच्या तोंडाशी ठेवायचा, मागे कोंबायचा नाही. आजही हीच युक्ती कर. रांगेच्या मधोमध घुसवलेली सायकल संध्याकाळी काढताना दहा हँडल आणि वीस ब्रेकच्या तारा एकमेकांत अडकतात.

सायकल कशी असावी

मडगार्ड, कॅरिअर, चेनकव्हर, घंटी, स्टँड. हे पाच नसतील ती सायकल व्यायामाची, कामाची नव्हे. दुकानदार म्हणेल, मडगार्ड कशाला, वजन वाढतं. त्याला म्हणावं, जुलैत माझ्या पाठीवर चिखलाची रेघ उठेल तेव्हा तू धुवायला येणार आहेस का?

आडवा दांडा नसलेली, मधून उतरती फ्रेम बघ. साडी असो, कुर्ता असो, पँट असो, चढता-उतरताना पाय मागून फेकावा लागत नाही. गर्दीच्या स्टेशनाशी ते फार सोयीचं पडतं. उतरता दांडा म्हणजे म्हाताऱ्यांची सायकल असं मैत्रिणी म्हणतील. म्हणू देत.

टायरच्या कडेला हवेचा आकडा छापलेला असतो, त्याप्रमाणे आठवड्यातून एकदा हवा भर. आकडा वाचायचा कंटाळा असेल तर रोज निघताना टायर अंगठ्याने दाब. दबलं तर हवा कमी आहे. नव्या सायकलींना बहुधा मोटारसारखा व्हॉल्व्ह असतो, त्यामुळे पेट्रोल पंपावर हवा भरता येते. फक्त तिथली हवा जोरात येते आणि तुझी ट्यूब एवढीशी, म्हणून थांबत थांबत भरायला सांग. काळ्या जुन्या सायकलीला पातळ व्हॉल्व्ह असतो, तिला हातपंपच लागतो.

चेनला तेल थेंबभर आणि पुसायचं फडकं हातभर, हे प्रमाण लक्षात ठेव. तेल ओतून ठेवलंस तर धूळ चिकटून काळा लगदा होतो आणि तो नेमका फिकट रंगाच्या सलवारीवर उतरतो. ब्रेकचे रबर झिजले की बदलायचे, पुढच्या पगाराची वाट बघायची नाही.

दिव्याचं सांगायला हवं. आम्ही बिनदिव्याचे दिसलो की पोलीस चाकाची हवा सोडायचे. आता कुणी सोडत नाही, म्हणून कुणी दिवाही लावत नाही. डिसेंबरात पुण्यात सहाला सूर्य मावळतो आणि तू ऑफिसातून निघतेस साडेसहाला. मागे लाल, पुढे पांढरा, दोन्ही हवेत. पुढचा दिवा तुला दिसण्यासाठी आहे, मागचा तू दिसण्यासाठी. दोहोंत एकच परवडत असेल तर मागचा घे.

घाम आणि कपडे

घाम वेगाने येतो, अंतराने नाही. पाच मिनिटं आधी निघ आणि फिरायला निघाल्यासारखी सायकल चालव. कुणी मागून घंटी वाजवत पुढे गेलं तर जाऊ दे, सिग्नलला तो तुझ्या शेजारीच उभा असेल.

बॅग पाठीवर घेऊ नकोस. पाठीवर बॅगेच्या आकाराचा ओला ठसा उठतो आणि मेट्रोच्या थंड डब्यात तो गार पडतो. बॅग कॅरिअरला बांध नाहीतर पुढे टोपली बसवून घे. लॅपटॉप असेल तर खाली जुना टॉवेल घडी करून ठेव, धक्के कमी लागतात.

ओढणी मागे लोंबती कधीही नको. गळ्यातून काढून बॅगेत टाक नाहीतर कंबरेला घट्ट गाठ मार. पँट असेल तर उजव्या पायाला क्लिप किंवा रबर लाव, चेन त्या बाजूला असते. स्टेशनावर पोचलीस की लगेच गाडीत शिरू नकोस. दोन मिनिटं सावलीत उभी राहा, पाणी पी, तोंड पूस आणि मग वर जा. दोन मिनिटांनी गाडी चुकली तर गर्दीच्या वेळी दुसरी यायला फार वेळ लागत नाही. ऑफिसच्या खणात एक कुर्ता, एक नॅपकिन आणि चपलांचा जोड कायमचा ठेवून दे.

तिकिटाच्या खिडकीशी रांगेत उभं राहायचं नाही. कार्ड घे किंवा फोनवर तिकीट काढ आणि तेही घरी, सायकलवर बसण्याआधी. गेटसमोर उभं राहून फोन उघडणाऱ्यांच्या मागे मी खूप वाट पाहिली आहे.

रस्त्यावर

उभ्या मोटारींपासून चांगलं मीटरभर लांब राहा, दार कधी उघडेल सांगता येत नाही. थांब्यावर बस उभी असेल तर तिच्या डाव्या बाजूने घुसायचं नाही, लोक तिकडेच उतरतात. पीएमपीची बस निघताना आधी उजवीकडे घेते, तेव्हा तिच्या पुढच्या चाकाशी उभं राहायचं नाही. ड्रायव्हरला तू दिसतेस का, हे त्याच्या आरशात बघून ठरव. आरशात त्याचा चेहरा दिसला तर त्यालाही तू दिसतेस.

सायकल ट्रॅकचे पट्टे दिसतील. काही ठिकाणी त्यावर रिक्षा असतील, काही ठिकाणी वडापावची गाडी आणि काही ठिकाणी पट्टा अचानक संपून झाड असेल. मिळेल तिथे वापर, विश्वास ठेवू नकोस. मोठ्या रस्त्याला समांतर आतली गल्ली असेल तर ती दोन मिनिटं जास्त घेते पण डोकं शांत ठेवते. उलट्या दिशेने मात्र कधीही नको, पन्नास मीटरसाठीही नको. हेल्मेट सायकलीला सक्तीचं नाही, तू घाल. कानात गाणी गाडीत बसल्यावर.

पावसाळा

पुण्याचा पाऊस जुलै-ऑगस्टमध्ये बहुधा झिमझिम असतो. त्याला घाबरायचं कारण नाही. फसवतो तो मे आणि ऑक्टोबरचा, दुपारपर्यंत कडक ऊन आणि ऑफिस सुटायच्या वेळी ढगफुटीसारखा. त्या दोन महिन्यांत आकाश निरभ्र असलं तरी रेनकोट बॅगेत हवा.

बंद गळ्याचा रेनकोट आतून घामाने भिजवतो. खालून मोकळा, डोक्यावरून घालायचा झगा बरा, फक्त त्याची टोकं चाकात जाणार नाहीत एवढं बघ. सीटवर प्लास्टिकची पिशवी घालून ठेव. तीच पिशवी नंतर ओला रेनकोट कोंबायला कामी येते, म्हणून मोठी घे. डब्यात पाणी गाळत उभं राहणं शोभत नाही.

ओल्या रस्त्यावर पांढरे पट्टे, लोखंडी झाकणं आणि गुलमोहराचा सडा, तिन्ही निसरडी. त्यांच्यावर वळू नकोस आणि ब्रेकही दाबू नकोस. दाबायचा तर आधी. डबकं दिसलं तर त्याखाली खड्डा आहे असंच धरून चाल.

डेक्कनजवळ नदीपात्रातला रस्ता तुला मोह घालेल. गर्दी कमी, सिग्नल नाहीत. कोरड्या दिवसांत खुशाल जा. पण खडकवासल्यातून पाणी सोडलं की तो रस्ता आणि भिडे पूल दोन्ही पाण्याखाली जातात. पावसाळ्यात सकाळच्या बातम्यांत विसर्गाचा आकडा ऐकल्याशिवाय तिकडे चाक वळवायचं नाही.

दुसरा बेत खिशात

सकाळचं पंक्चर संध्याकाळी काढायचं. चाक बसलं की सायकल जवळच्या खांबाला कुलूप लावून ठेव, रिक्षा किंवा बस पकड आणि कामाला जा. हातात पान्हे घेऊन रस्त्याच्या कडेला बसलीस तर सायकल दुरुस्त होईल पण दिवस बिघडेल. त्यासाठी वाटेवरून जाणाऱ्या दोन बसचे नंबर पाठ असू देत आणि पर्समध्ये रिक्षापुरते सुटे पैसे.

पालख्या पुण्यात येतात त्या दिवशी आणि गणपतीत, विशेषतः विसर्जनाला, रस्ते बंद असतात आणि मेट्रोत पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवसांत लवकर जा, लवकर ये, नाहीतर घरून काम माग. अंगात ताप असेल, रात्री फार उशीर होणार असेल, झोप झाली नसेल, तर सायकल काढू नकोस. जोडी आपल्या सोयीसाठी आहे, व्रत नाही. मोडलं तर उद्यापन करावं लागत नाही. शेवटच्या गाडीची वेळ मात्र लिहून ठेव.

माणसं धरून ठेव

वाटेवरचा एक पंक्चरवाला, स्टेशनाखालचा एक रखवालदार, कोपऱ्यावरचा एक चहावाला, या तिघांशी ओळख ठेव. पंक्चरवाल्याकडे काम नसतानाही कधीतरी हवा भरून घे आणि पैसे दे. मग घाईच्या दिवशी तो तुझं चाक आधी हातात घेतो. रखवालदाराला येता-जाता नमस्कार कर. दिवाळीत फराळाचा पुडा दे. ज्याला तुझा चेहरा आणि सायकल यांची जोडी माहीत आहे, त्याच्यासमोरून ती सायकल दुसऱ्या कुणाला नेता येत नाही. एवढं मजबूत कुलूप बाजारात मिळत नाही.

सुरुवात कशी करशील

रविवारी सकाळी एक तालीम कर. घर, नळस्टॉप, येरवडा, ऑफिसचं दार आणि परत. प्रत्येक तुकड्याची मिनिटं कागदावर लिही: दार ते स्टेशन, उतरल्यापासून गाडीत बसेपर्यंत, गाडीतली, स्टेशन ते खुर्ची. रविवारच्या बेरजेत कामाच्या दिवसासाठी पंधरा मिनिटं घाल.

सोमवारी सुरू करू नकोस, सोमवारी सगळं गाव रस्त्यावर असतं. मंगळवारी आणि गुरुवारी जा, बाकीचे दिवस आत्ता जशी जातेस तशीच. दोन आठवडे झाले की कागद पुन्हा काढ आणि बघ, उतरल्यापासून गाडीत बसेपर्यंतची मिनिटं कमी झाली का. झाली असतील तर आठवड्याचा तिसरा दिवस जोड. नसतील तर सायकल बदलायला धावू नकोस आणि मार्गही बदलू नकोस. कुलूप, किल्ली, तिकीट, जागा, यातलं नेमकं कोण वेळ खातंय ते शोध आणि तेवढंच दुरुस्त कर.

तुझी,
आत्या